मुरूम बरे होतात, पण मेडिकलवरची ‘गोरं करणारी’ ट्यूब चेहरा बिघडवते! कारणं, उपचार आणि काय टाळायचं, वाचा सविस्तर

लग्नसराई जवळ आली, कॉलेजचं गॅदरिंग आलं की तालुक्याच्या मेडिकलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘तोंडावर पुटकुळ्या आल्यात, काहीतरी लावायला द्या.’ काउंटरवरून एक छोटी ट्यूब मिळते. चार-आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसायला लागतो. मैत्रीण विचारते, मग तिच्या घरीही तीच ट्यूब जाते. काही महिन्यांनी मात्र तोच चेहरा लालबुंद असतो, उन्हात गेलं की आग होते, आणि मुरूम आधीपेक्षा दुप्पट. त्वचारोगाच्या ओपीडीत अशा तक्रारी आता नवीन राहिलेल्या नाहीत.

मुरूम हा बरा होणारा आजार आहे. औषधं साधी आहेत, बरीचशी स्वस्तही आहेत. फक्त ती दोन-तीन महिने धीर धरून लावावी लागतात. हा धीर नसतो म्हणून माणूस झटपट उपायाकडे वळतो. म्हणून मुरूम का येतात, कोणतं औषध काय करतं आणि ट्यूबवर काय वाचायचं, हे नीट समजून घेऊ.

मुरूम म्हणजे नेमकं काय?

आपल्या कातडीत केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी एक बारीक ग्रंथी असते. तिच्या तेलामुळे कातडी मऊ राहते. वयात येताना, मुलगा असो की मुलगी, शरीरात अँड्रोजेन प्रकारचे हार्मोन वाढतात. त्यांच्यामुळे या ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त सुटतं. त्याच वेळी केसाच्या छिद्रातली मेलेली कातडी नीट बाहेर पडत नाही, तेलात चिकटून बसते आणि बाटलीला बूच बसावं तसं छिद्र बंद होतं.

बूच वरून उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो, त्याला ब्लॅकहेड म्हणतात. तो काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. छिद्र वरूनही बंद असेल तर पांढरट दाणा दिसतो. आत तेल साठलं की क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जंतू वाढतो. हा जंतू प्रत्येकाच्याच कातडीवर असतो, बाहेरून कुणाकडून लागत नाही. शरीर त्याला विरोध करतं म्हणून सूज येते, लाली येते, पू होतो. ही सूज खोल गेली की दुखणारी गाठ होते आणि अशा गाठी खड्डे ठेवून जातात.

चेहरा, छाती, पाठ आणि खांदे, जिथे तेलग्रंथी जास्त तिथेच मुरूम जास्त. मुरूम एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. एकाच ताटात जेवल्याने तर नाहीच नाही.

कोणाला येतात, कशामुळे वाढतात?

वयात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना कमी-जास्त प्रमाणात मुरूम येतातच. मुलींना थोडे लवकर, अकरा-बाराव्या वर्षीही सुरू होतात. मुलांना उशिरा, पण बऱ्याचदा जास्त जोराचे. आई-वडिलांना तरुणपणी खूप मुरूम आले असतील तर मुलांना येण्याची शक्यता वाढते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुलींच्या हनुवटीवर दोन-चार फोड येणं नेहमीचंच आहे.

पंचविशी-तिशीतल्या बाईला जबड्याच्या कडेने सतत मुरूम येत असतील, पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर हा प्रश्न फक्त कातडीचा नसतो. अंडाशयाशी संबंधित पीसीओएस असू शकतो. अशा वेळी क्रीम लावत बसण्यापेक्षा स्त्रीरोग तज्ज्ञांना दाखवून तपासणी केलेली बरी.

काही कारणं आपल्या रोजच्या जगण्यातली आहेत. केसांना चापून तेल लावून झोपायची सवय असेल तर ते तेल कपाळावर उतरतं आणि कपाळ बारीक दाण्यांनी भरतं. तेल लावू नका असं नाही, पण धुण्याच्या तासभर आधी लावा आणि कपाळ पुसून घ्या. स्कूटीवर तोंडाला घट्ट बांधलेला, न धुतलेला स्कार्फ, हेल्मेटचा हनुवटीवरचा पट्टा, घामाने भिजलेला शर्ट दिवसभर अंगावर, यांनीही घर्षण होऊन मुरूम वाढतात. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांच्या हातांवर, मांड्यांवर ऑइल-ग्रीसमुळे तसेच फोड येतात. तिथे औषधापेक्षा ऑइलने माखलेले कपडे रोज बदलणं जास्त कामाचं.

जिमचं वेड आता तालुक्यापर्यंत पोहोचलं आहे. बॉडी बनवण्यासाठी कुणी ‘कोर्स’ म्हणून इंजेक्शन घ्यायला सांगितलं तर ते बहुधा स्टिरॉइड असतं आणि त्यातून पाठीवर, छातीवर भयंकर मुरूम येतात. मुरूम हा त्यातला सगळ्यात लहान तोटा आहे, हेही सांगून ठेवतो. व्हे प्रोटीन पावडरनेही काहींचे मुरूम वाढतात.

काही औषधांमुळे मुरमांसारखे दाणे येतात. त्यात फिटचं फेनिटोइन आणि टीबीच्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड ही दोन महत्त्वाची. पण दाणे आले म्हणून टीबीची किंवा फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, दाण्यांवर वेगळा उपाय होतो.

आणि खाणं? भजी-वडे खाल्ले की मुरूम येतात, हे घरोघरी सांगितलं जातं, पण तेलकट खाण्याचा पुरावा कच्चा आहे. त्यापेक्षा साखर, कोल्ड्रिंक, बिस्किटं, मैदा यांसारख्या रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या पदार्थांचा संबंध जास्त दिसतो. काही जणांना दुधाने फरक पडतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, भाजी, डाळ हे आपलं जेवण मुरमांसाठी चांगलंच आहे. एखादा पदार्थ खाल्ला की दरवेळी मुरूम येतात असं तुम्हाला दिसलं तर तो टाळा. पण वयात येणाऱ्या मुलीचं दूध-शेंगदाणे या कारणासाठी तोडू नका.

रक्त खराब, अंगात उष्णता, पोट साफ नाही...

हे तीन आरोप गावात मुरमांवर कायमचे आहेत. तिघांनाही आधार नाही. रक्त ‘साफ’ करणाऱ्या बाटल्या पिऊन छिद्रातलं बूच निघत नाही. ‘लग्न झालं की आपोआप जातात’ हेही तसंच. वय वाढतं म्हणून जातात, लग्नाचा काही संबंध नाही. हस्तमैथुनामुळे मुरूम येतात हा पोरांच्या मनातला समजही खोटा. या भीतीपायी कित्येक मुलं डॉक्टरकडे जायलाच लाजतात.

अस्वच्छतेमुळे मुरूम येतात असंही नाही. दिवसातून दोनदा, आणि शेतातून घामाघूम होऊन आल्यावर एकदा, सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुतलं की झालं. सात-आठ वेळा घासून धुतलं तर कातडी सोलते आणि मग औषधं सहन होत नाहीत.

लिंबू चोळणं सगळ्यात वाईट. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे चट्टे महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्ट आणि खायचा सोडा यांनीही आग होते. मुलतानी मातीने तेल तात्पुरतं शोषलं जातं. अधूनमधून लावायला हरकत नाही, पण तिने आजार बरा होत नाही. हळद, कडुलिंबाचंही तेच. लावून आग होत नसेल तर लावा, पण गाठी येत असतील तर त्यावर वेळ घालवू नका.

मेडिकलवरची ती ट्यूब

आता मूळ मुद्दा. ‘पिंपल, डाग, गोरेपणा, सगळ्यावर एकच’ म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड सूज झटकन दाबतं, रक्तवाहिन्या आकसतात, कातडी फिकी पडते. म्हणून पहिल्या आठवड्यात चेहरा ‘उजळला’ असं वाटतं. तिथेच फसगत होते.

रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते. गालांवर लाल रेषांचं जाळं दिसायला लागतं. मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. स्टिरॉइडमुळे स्वतंत्र मुरूम येतात, एकसारखे, बारीक, भरपूर. ट्यूब बंद केली की दोन-तीन दिवसांत आग, खाज, लाली उसळते, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतो. दारू-तंबाखूसारखी ही चेहऱ्याची सवय होऊन बसते.

दुसरी वाट गजकर्णाच्या ट्यूबची. घरात कुणाला तरी गजकर्ण झालेलं असतं, त्याची ‘तीन औषधं एकत्र’ असलेली ट्यूब पडलेली असते, तीच पुटकुळ्यांवर लावली जाते. त्यातही बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. खरं तर त्या ट्यूबने गजकर्णही नीट बरं होत नाही, उलट पसरतं.

ओळखायचं कसं? ट्यूबवर ब्रँडचं नाव मोठं असतं, ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. मोबाइलने फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ती ट्यूब मुरमांसाठी नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली ट्यूब वांगाच्या डागांसाठी डॉक्टर थोड्या दिवसांपुरती देतात. ती वर्षानुवर्षं ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून लावली जाते, हा सगळ्यात जास्त दिसणारा गैरवापर.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टिरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा शेड्यूल एचच्या यादीत घातली. तरी ती सहज मिळतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मेडिकलवाल्यावरच सगळा दोष टाकून चालणार नाही. ‘मागच्या वेळची तीच द्या’ म्हणणारे आपणही आहोत.

महिनोन्‌महिने अशी ट्यूब लावत असाल तर लपवू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोग तज्ज्ञांकडे जा. ती बंद केल्यावर चेहरा काही आठवडे भडकणार, त्यासाठी वेगळी औषधं द्यावी लागतात. हळूहळू चेहरा सुधारतो, पण वेळ लागतो.

लेबल नसलेल्या, ब्यूटी पार्लरमध्ये डबीत भरून मिळणाऱ्या क्रीमपासून तर लांबच राहा. अशा काही क्रीममध्ये पारा असतो आणि तो कातडीतून शरीरात जाऊन मूत्रपिंड खराब करू शकतो.

मग खरे उपचार कोणते?

मुरूम थोडे असतील, ठिपके आणि बारीक दाणेच असतील, तर वरून लावायच्या औषधांवर भागतं. त्यात दोन नावं लक्षात ठेवा, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापॅलीन.

बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं. अडीच टक्क्यांचं जेल सुरुवातीला पुरेसं असतं. जास्त टक्क्यांचं घेतलं म्हणून लवकर बरं होत नाही, आग मात्र जास्त होते. एक सूचना, हे औषध कपड्याचा रंग उडवतं. उशीची खोळ पांढरी वापरा, आईची नवी साडी वाचेल.

अ‍ॅडापॅलीन छिद्रातलं बूच काढतं आणि नवीन बूच बसू देत नाही. हे रात्री लावायचं. तोंड धुऊन, पुसून, दहा-पंधरा मिनिटं कोरडं होऊ द्यायचं आणि मटारच्या दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरवायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडून. बरेच जण इथे चुकतात. ते फक्त फोडावर ठिपका लावतात. औषधाचं काम पुढचा मुरूम थांबवण्याचं आहे, म्हणून जिथे मुरूम येतात तो सगळा भाग झाकायचा.

पहिले दोन आठवडे एक दिवस आड लावा. कातडी कोरडी पडते, थोडी सोलते, काहींना सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटतात. इथेच निम्मे लोक औषध सोडून देतात. वरून साधं, तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर लावा आणि चालू ठेवा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला तीन महिने. गरोदर बाईने किंवा गरोदरपणाचा विचार असेल तर अ‍ॅडापॅलीन वापरू नये. तिथे डॉक्टर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड देतात, त्याने काळे डागही फिके होतात.

क्लिंडामायसिनचं जेल खूप खपतं. ते अँटिबायोटिक आहे. एकटंच लावत राहिलं तर जंतू त्याला सरावतात आणि मग औषध चालत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच ते वापरायचं असतं.

लाल, पू भरलेले मुरूम जास्त असतील, पाठीवर पसरले असतील तर डॉक्टर पोटातून डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण तीन महिन्यांपर्यंत. ही गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. तिच्यामुळे ऊन जास्त बाधतं, तेव्हा शेतात टोपी किंवा रुमाल हवा. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. तीन दिवसांची अँटिबायोटिकची पाकिटं मेडिकलवरून दर महिन्याला घेणं हा उपचार नव्हे.

खोल गाठी, खड्डे पडणारे मुरूम, कशालाच दाद न देणारे मुरूम, यांच्यासाठी आयसोट्रेटिनोइन नावाची कॅप्सूल आहे. मुरमांवरचं सगळ्यात जोरदार औषध. काही महिन्यांचा कोर्स असतो आणि अनेकांचे मुरूम त्यानंतर परत येत नाहीत. पण हे औषध चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून लग्न झालेल्या किंवा लग्न ठरलेल्या मुलीने डॉक्टरांना ते स्पष्ट सांगायलाच हवं. औषध सुरू करण्याआधी एक महिना, औषध चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो. यकृताच्या आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. ओठ फुटतात, ते सगळ्यांचेच. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. कुणाचा भाऊ घेत होता म्हणून त्याच्या उरलेल्या कॅप्सूल बहिणीला देणं, हे अजिबात करू नका.

पीसीओएस असलेल्या बायकांना डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या प्रत्येकीला चालतात असं नाही, तपासूनच घ्यायच्या.

हे मुरूम नसतीलही

कपाळावर, पाठीवर सगळे दाणे एकाच आकाराचे आणि खूप खाजणारे असतील तर बुरशीमुळे असू शकतात. मुरूम दुखतात, खाज फारशी नसते. तान्ह्या बाळाच्या गालावर महिनाभरात बारीक दाणे येतात, ते आपोआप जातात. त्यावर तेल, साय, दूध काही चोळू नका.

डाग आणि खड्डे

मुरूम गेल्यावर राहिलेला तपकिरी डाग आणि खड्डा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाग काही महिन्यांत फिका होतो, उन्हापासून जपलं तर लवकर. खड्डा क्रीमने भरत नाही, जाहिरात काहीही म्हणो. त्यासाठी सुयांचं उपकरण, लेझर, खड्ड्यात ठरावीक अ‍ॅसिड लावणं असे उपाय मोठ्या शहरात होतात. त्यांना खर्च येतो, अनेक फेऱ्या लागतात आणि कातडी पूर्ण सपाट होतेच असं नाही. नवीन मुरूम थांबल्याशिवाय ते सुरूही करत नाहीत. आरशासमोर उभं राहून नखाने फोड फोडणं बंद केलं तर बरेचसे खड्डे मुळात पडतच नाहीत.

जवळपास कुठे दाखवायचं?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. साध्या मुरमांसाठी तिथले डॉक्टर पुरेसे आहेत, जास्त असेल तर ते पुढे पाठवतात. त्वचारोगाची ओपीडी जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजला असते. तिचे वार ठरलेले असू शकतात, तेव्हा एसटीचं भाडं घालण्याआधी चौकशी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी अनेक सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालतं. पाळी, मुरूम, मनातल्या शंका तिथे मोकळेपणाने विचारता येतात. जाणं जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून मोबाइलवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. डॉक्टरांनी घटकाचं नाव लिहून दिलं असेल तर जनऔषधी केंद्रात विचारून पाहा, स्वस्तात मिळू शकतं.

दोन वेळा मात्र थांबायचं नाही. एक, मुरमांच्या जखमा होऊन सोबत ताप आणि सांधेदुखी सुरू झाली तर. दोन, नाकाजवळचा किंवा वरच्या ओठावरचा फोड पिळल्यावर डोळ्याभोवती सूज आणि ताप आला तर. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी. मुलगी फोटोत यायला नको म्हणते, मुलगा कॉलेजला दांडी मारतो, दिवसभर तोंडाला रुमाल बांधून बसतो, तर त्याला ‘एवढ्याशा पुटकुळ्यांचं काय घेऊन बसलास’ म्हणू नका. पाहुण्यांसमोर ‘हिच्या तोंडाला काय झालंय बघा’ तर मुळीच नको. पोरांना ते फार लागतं. मन खूपच खचलेलं दिसलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.